कोकणातील घराची बेगमी: किलोवॉटचा आकडा सर्वांत शेवटी

ठाण्याहून दापोली तालुक्यातील वडिलोपार्जित घरी कायमचे राहायला निघालेल्या एका कुटुंबाचा प्रश्न असा आहे: घरात नवरा-बायको, सात वर्षांची मुलगी आणि इन्शुलिन घेणाऱ्या आई अशी चार माणसे असतील, मंगलोरी कौलांचे घर, मागे एक छोटी स्लॅबची खोली आणि परसात विहीर आहे, ‘निसर्ग’ चक्रीवादळानंतर गावाची जी दशा झाली ती नातेवाइकांकडून ऐकली आहे, तर वीज आणि बाहेरचा पुरवठा पंधरा दिवस बंद राहिला तरी घर चालावे यासाठी किती किलोवॉटचे सौर पॅनेल बसवावे आणि बॅटरी कोणती घ्यावी?

उत्तर रत्नागिरी आणि दक्षिण रायगडमध्ये घरगुती सौर यंत्रणा व पाण्याच्या जोडण्या करण्याचे काम मी बावीस वर्षे करीत आहे. प्रश्नातील आकडा मी देणारच आहे, पण तो पुढे येईल, कारण तो आधी ठरवला की उरलेले घर त्याच्याभोवती चुकीचे बेतले जाते, असे मी अनेक घरांत पाहिले आहे. आमच्याकडे कसोटीचा काळ पावसाळ्याचा असतो. मे महिन्याच्या उन्हात पॅनेलचा आकडा पाहून सगळेच खूश होतात. परंतु जुलैच्या संततधारेत, वीज जाऊन पाचवा दिवस उजाडल्यावर घरात जे चालू असेल, तेवढीच आपली तयारी समजावी.

हे मला शिकवले ते माझ्याच घराने. ३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले, वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर होता आणि झोत त्याहून अधिक होते. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब वाकले आणि आमच्या वाडीत तेवीस दिवस वीज आली नाही. माझे पॅनेल स्लॅबवर पक्के बसवलेले असल्याने टिकले, बॅटऱ्याही भरलेल्या होत्या, त्यामुळे पहिल्या रात्री आमच्या घरातील दिवे पाहून शेजारी कौतुक करून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याची टाकी संपली. विहिरीवर एक अश्वशक्तीचा पंप होता आणि तो सुरू होताना क्षणभर जो जास्तीचा प्रवाह ओढतो, तो माझ्या लहान इन्व्हर्टरला झेपत नव्हता. रहाट आम्हीच काही वर्षांपूर्वी ‘आता कशाला हवा’ म्हणून काढला होता आणि विहिरीच्या तोंडावर काँक्रीटचे झाकण घातले होते, ज्यातून पाइपशिवाय काहीच आत जात नव्हते. पुढचे नऊ दिवस, पंप बदलेपर्यंत, सौरऊर्जेचा हा जाणकार शेजारच्या आजींच्या रहाटावर कळशी घेऊन उभा राहत होता.

म्हणून पहिले काम विहिरीचे. रहाट किंवा निदान कप्पी, दोर आणि पोहरा कायमचा बसवून घ्यावा. झाकण ठेवायचे असल्यास माणसाला उचलता येईल असे दार त्यात असावे आणि ते मुलीच्या सुरक्षिततेसाठी कुलपात असावे. पंप अर्ध्या अश्वशक्तीचा पुरतो, कारण टाकी भरायला घाई नसते. टाकी जमिनीपासून तीन-साडेतीन मीटर उंचीवर ठेवली की नळाला पाणी आपोआप येते आणि पंप दिवसातून अर्धा तास, तोही ऊन असेल त्या वेळी, चालवला तरी भागते. सरकारी नळयोजना माणशी दररोज ५५ लिटर हा हिशेब धरतात; त्या हिशेबाने चार माणसांना २२० लिटर लागतात, म्हणजे एक हजार लिटरच्या दोन टाक्यांत नऊ दिवसांचे पाणी राहते. निकडीच्या काळात माणशी पंधरा लिटरवर तग धरता येतो, पण वृद्ध माणूस घरात असताना तो हिशेब पहिल्या दिवसापासून लावू नये.

पावसाळ्यात पाण्याची वानवा नसते, ते फक्त पकडावे लागते. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते, इतके हे गणित सोपे आहे. ऐंशी चौरस मीटरच्या कौलांवर वीस मिलिमीटर पाऊस पडला आणि सांडलेले-उडालेले वजा केले, तरी बाराशे लिटरच्या वर पाणी पन्हळीतून टाकीत जाते, आणि वीस मिलिमीटर हा कोकणात रिमझिमीचा दिवस असतो. मृगाचे पहिले दोन-तीन पाऊस मात्र वाहून जाऊ द्यावेत, कारण वर्षभराची धूळ, शेवाळ आणि पक्ष्यांची विष्ठा त्यांच्यासोबत उतरते. घराच्या एखाद्या भागावर जुने ॲस्बेस्टॉसचे पत्रे असतील, तर तेथील पाणी पिण्याच्या टाकीत घेऊ नये. मोठी अडचण मार्च ते मे या काळाची आहे. जांभ्याचा दगड जितके पाणी घेतो तितकेच ते सोडूनही देतो, आणि ज्या गावात जुलैमध्ये अंगणातून ओढा वाहतो तेथेच एप्रिलमध्ये टँकरची वाट पाहावी लागते. आपली विहीर मे महिन्यात किती फूट पाणी धरते हे गावातल्या जुन्या माणसांना विचारावे. ती आटत असेल तर नव्वद दिवसांचे सुमारे वीस हजार लिटर पाणी साठवणारी फेरोसिमेंटची (जाळीवर सिमेंट थापून केलेली) टाकी हा खर्च पॅनेलच्या आधीचा आहे. त्याच जांभ्याच्या सच्छिद्रतेमुळे शौचालयाची टाकी विहिरीपासून निदान पंधरा मीटर, आणि शक्य असेल तर त्याहून बरीच दूर व उताराच्या खालच्या बाजूला असली पाहिजे.

पुरानंतर किंवा मोठ्या पावसानंतर विहिरीचे पाणी गढूळ झाले की ग्रामपंचायतीकडून टीसीएल (क्लोरीनयुक्त ब्लीचिंग) पावडर मिळते, पण ती कशी टाकायची हे बहुतेकांना ठाऊक नसते आणि मूठभर पावडर वरून भिरकावली जाते. विहिरीच्या व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची खोली गुणिले ०.७८५ केले की घनमीटर मिळतात. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल तर ते सुमारे २८ हजार लिटर भरते. चांगल्या, ताज्या पावडरीचे प्रमाण हजार लिटरला अडीच ग्रॅम धरले तर अशा विहिरीला सत्तर ग्रॅम लागते. पावडर जुनी असेल किंवा पाणी दूषित झाल्याची शंका असेल तर मात्रा वाढवावी लागते आणि ती आरोग्यसेवकाला विचारून ठरवावी. पावडर बादलीत थोड्या पाण्यात कालवून, मग बादली पाऊण भरून दहा मिनिटे निवळू द्यावी. वरचे पाणी दुसऱ्या बादलीत काढून ती बादली दोराने विहिरीत बुडवून खालीवर करीत ढवळावी, आणि तळाचा चुना विहिरीत न टाकता बाहेर पुरावा. एक तास पाणी उपसू नये. नंतर ओटी टेस्ट (ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून करायची क्लोरीनची चाचणी) करून पाणी पिवळसर झाले तर क्लोरीन शिल्लक आहे असे समजते. गढूळ पाण्यात क्लोरीन वाया जाते, म्हणून पिण्याचे पाणी आधी तुरटीने निवळून, चौपदरी कापडातून गाळून घ्यावे आणि शंका असेल तोवर खळखळ उकळूनच प्यावे.

आता विजेकडे येतो. प्रथम एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे, कारण त्यापायी लोकांचे लाखभर रुपये भलत्या अपेक्षेत अडकतात. ‘पीएम सूर्य घर’ योजना फेब्रुवारी २०२४ पासून सुरू आहे, तिच्यात दोन किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे तीस हजार आणि तीन किलोवॉट व त्याहून मोठ्या यंत्रणेला एकूण ७८ हजार रुपये अनुदान ठरवलेले आहे, आणि वीजबिल कमी करण्यासाठी ती उत्तम आहे. परंतु वीजवाहिनीशी जोडलेली साधी सौर यंत्रणा वाहिनीतील वीज गेल्याबरोबर स्वतःही बंद होते. वाहिनीवर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या छपरावरून आलेल्या विजेचा धक्का बसू नये म्हणून ती मुद्दाम तशी बनवलेली असते. भर दुपारी, स्वच्छ उन्हात, छपरावर तीन किलोवॉटचे पॅनेल असूनही घरात पंखा फिरत नाही, हे पाहून ग्राहक मला फोन करतात तेव्हा त्यांना हे सांगणारा पहिला माणूस मीच असतो. संकटात चालणारी वीज हवी असेल तर बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर (पॅनेल, बॅटरी आणि वीजवाहिनी तिन्ही सांभाळणारा) लागतो आणि संकटातही लागणाऱ्या दिवे, पंखा, फ्रिज व पंप यांची वायरिंग स्वतंत्र करून त्याला जोडावी लागते. वीजमीटर मात्र काढून टाकू नये. वीजवाहिनी वर्षातील बहुतेक दिवस असतेच आणि ती असताना बॅटरी झिजवण्यात अर्थ नाही.

यानंतर घराचा विजेचा वापर दोन वेगवेगळ्या पातळ्यांवर मांडावा. एरवीच्या दिवशी नऊ वॉटचे चार दिवे पाच तास, तीस वॉटचे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे दोन असे दहा तास, फ्रिज, इंटरनेटचा राउटर, मोबाइल, अर्धा तास पंप आणि दहा मिनिटे मिक्सर असे धरले तर रोज सुमारे अडीच युनिट लागतात. जुने पंचाहत्तर वॉटचे पंखे ठेवले तर हाच आकडा सव्वातीनच्या पुढे जातो, म्हणून पंखे बदलणे ही पॅनेलपेक्षा स्वस्त वीजनिर्मिती आहे असे मी नेहमी सांगतो. संकटाच्या दिवशी राउटर आणि मिक्सर बंद, पंखा एकच आणि फ्रिज दिवसातून काही तासच चालवला की सव्वा युनिटात भागते. एक किलोवॉट पॅनेल वर्षाच्या सरासरीने रोज चार युनिटच्या आसपास वीज देते, पण ढग दाटलेल्या जुलैच्या दिवशी ते पाऊण-एक युनिटवर येते. म्हणजे दोन किलोवॉट पॅनेल असतील तर सर्वांत काळोख्या आठवड्यातही संकटाचा खर्च जेमतेम निघतो, आणि पाच युनिट क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी असेल तर त्यातील चार युनिट निर्धास्त वापरता येतात, म्हणजे सूर्यदर्शन मुळीच झाले नाही तरी तीन दिवस जातात. ट्यूब्युलर, म्हणजे शिसे-आम्लाच्या नेहमीच्या बॅटऱ्या स्वस्त पडतात आणि तालुक्याला दुरुस्त होतात. मात्र त्या निम्म्याच वापराव्यात, त्यामुळे जवळजवळ तेवढ्याच विजेसाठी १५० अँपिअर-तासांच्या चार बॅटऱ्या लागतील, महिन्या-दोन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर पाहावे लागेल आणि चार्ज होताना त्यांतून निघणारा हायड्रोजन वायू बाहेर जाईल अशी उघडी जागा लागेल. जिन्याखालचे बंद कपाट आणि देवघरामागची खोली या दोन जागा लोकांना का आवडतात, ते मला आजतागायत कळलेले नाही.

पॅनेल कौलांवर बसवू नयेत. वाऱ्याखाली कौले उचलली गेली की पॅनेलही जातात आणि जाताना वासे तोडतात. मागच्या खोलीची स्लॅब पक्की असेल तर तेथे, नसेल तर खळ्याच्या कडेला जमिनीवर काँक्रीटचे पाये घेऊन, दक्षिणेकडे तोंड करून साधारण अठरा अंशांच्या कलात ते बसवावेत. आजूबाजूला माड असेल तर त्याची झावळी आणि नारळ कोठे पडतील ते पाहून जागा निवडावी. सांगाडा गरम बुडवून जस्त चढवलेल्या लोखंडाचा आणि नट-बोल्ट स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत, कारण खाऱ्या हवेत साधे बोल्ट दोन-तीन पावसाळ्यांत गंजून फुगतात. जांभ्यात अर्थिंग चांगले होत नाही, उन्हाळ्यात तर फारच वाईट होते. खड्डा खोल आणि ओलाव्याच्या जागी घेऊन त्याचे मोजमाप कंत्राटदाराकडून लिहून घ्यावे. जनरेटर घेण्याचे मी या घराला सुचवणार नाही, पण कोणी पाहुण्याने आणलाच, तर तो पडवीतही न चालवता घरापासून दूर, उघड्यावर चालवावा, कारण त्याच्या धुरातील विषारी वायूला वास नसतो. आणि त्याची वीज दोन्ही बाजूंना पिना असलेली वायर लावून भिंतीतल्या सॉकेटमधून घरात घालण्याचा जुगाड करू नये. ती वीज मीटरमधून उलटी डीपीपर्यंत (गावाच्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत) जाते आणि खांबावर चढलेल्या माणसाचा जीव घेऊ शकते. एका वेळी वाहिनी किंवा जनरेटर यांपैकी एकच जोडणारा चेंजओव्हर स्विच ही वस्तू त्याचसाठी असते.

अन्नाच्या बाबतीत बाहेरून फारसे शिकण्यासारखे नाही. ऑनलाइन मिळणारे महागडे सर्व्हायव्हल किट पाहिले की मला आमच्या आजीची आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची बेगमी आठवते: कणगीत तांदूळ, मडक्यात आमसुले, कुळथाचे पीठ, पापड, फणसाची साठे, आणि मासे खाणाऱ्या घरात सुकट व सुके बोंबील. चार माणसांना पंधरा दिवसांसाठी पंचवीस किलो तांदूळ व पीठ, पाच किलो डाळी-कडधान्य, तीन लिटर तेल, मीठ, गूळ, चहा आणि दुधाची पावडर पुरते. फरक एवढाच करावा की साठा वेगळा बांधून ठेवू नये. रोजच्या वापरातलेच धान्य दुप्पट ठेवून जुने आधी वापरावे, नाहीतर ओल्या हवेत सगळ्याला बुरशी आणि पोरकिडे लागतात. गॅसच्या दोन टाक्या असाव्यात आणि दुसरी लावली की त्याच दिवशी भरलेली मागवावी. परसात चूल असावी, सरपण मेअखेर फोडून पडवीत रचलेले असावे आणि महिन्यातून एकदा त्या चुलीवर खरोखर स्वयंपाक व्हावा, कारण ओले लाकूड पेटवणे ही भर पावसात पहिल्यांदा शिकण्याची गोष्ट नाही. गोबरगॅसचा मोह होईल. चार माणसांना पुरणाऱ्या दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे पन्नास किलो शेण लागते, तेव्हा गोठ्यात चार-पाच जनावरे नसतील तर तो विषय सोडून द्यावा.

आईंच्या इन्शुलिनबद्दल दोन गोष्टी. वापरात असलेले इन्शुलिन बहुतेक प्रकारांत तीस अंशांखाली सुमारे चार आठवडे टिकते, तरीही आपल्या प्रकाराची मर्यादा पत्रकात वाचून डॉक्टरांकडून पक्की करून घ्यावी; न उघडलेल्या साठ्याला मात्र फ्रिज लागतो. घाटावरचे लोक माठात ठेवायला सांगतात, पण कोकणातल्या पावसाळी हवेत पाण्याचे बाष्पीभवन फारसे होत नाही, त्यामुळे माठ पुरेसा गार पडत नाही. त्यापेक्षा फ्रिज पाण्याच्या बाटल्यांनी गच्च भरून ठेवावा, दार दिवसातून दोनदाच उघडावे आणि दुपारी काही तास चालवावा. वर मी जो सव्वा युनिटाचा हिशेब दिला त्यात हे धरले आहे. बर्फाच्या कप्प्याला लागून इन्शुलिन ठेवू नये, गोठले की ते निकामी होते. औषधे एक महिन्याची, ओआरएसची पाकिटे आणि प्रत्येकाला गमबूट हवेत. साचलेल्या पाण्यातून अनवाणी चालल्यास लेप्टोचा (उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाचा) धोका असतो आणि तो ताप अंगावर काढण्याचा नसतो. साप चावल्यास घट्ट बांधणे, कापणे, चोखणे यांत वेळ न घालवता रुग्णाला हालचाल न करू देता ग्रामीण रुग्णालय गाठावे. तेथे जाणारा कोणता रस्ता पावसात पाण्याखाली जातो हे आधीच पाहून ठेवावे.

मोबाइलचे मनोरे त्यांच्या बॅटऱ्या संपल्या की काही तासांत बंद पडतात, म्हणून सेलवर चालणारा रेडिओ घरात असावा. १०८, ११२ आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हे क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावेत, म्हणजे मुलीलाही ते वाचता येतील. वीज नाही तेव्हा एटीएम नाही आणि यूपीआयही नाही. दहा-वीस आणि शंभराच्या नोटांत दहा-पंधरा हजार रुपये घरी असावेत. शंभर-दोनशे जादा कौले आणि दोन मोठ्या ताडपत्र्या आधीच घेऊन ठेवाव्यात. ‘निसर्ग’नंतर ताडपत्रीसाठी लोक तालुक्याला रांगा लावून उभे होते.

इतकी तयारी झालेल्या माणसाला घर सोडवत नाही, हा धोका मी डोळ्यांनी पाहिला आहे. माळीण २०१४ मध्ये, तळिये २०२१ मध्ये आणि इर्शाळवाडी २०२३ मध्ये, तिन्ही गावांवर जुलै महिन्यातच डोंगर आला, आणि तेथे भरलेली कणगी किंवा भरलेली बॅटरी कोणाच्या कामी आली नसती. घर उताराच्या पायथ्याशी असेल आणि जमिनीला नव्या भेगा पडल्या, झाडे किंवा खांब कलले, नेहमीचा झरा एकाएकी गढूळ झाला, दारे चौकटीत अडकू लागली, तर रात्र असली तरी निघावे. औषधे, कागदपत्रे, विजेरी आणि एकेक कपड्यांचा जोड असलेली पिशवी दाराजवळच्या खुंटीला टांगलेली असावी आणि जायचे घर कोणते हे त्या घरातील माणसांनाही माहीत असावे.

तेव्हा माझा आकडा असा: दोन किलोवॉट पॅनेल, पाच युनिटची लिथियम बॅटरी, तीन केव्हीएचा हायब्रिड इन्व्हर्टर आणि अर्ध्या अश्वशक्तीचा पंप. परंतु कंत्राटदाराला आगाऊ रक्कम देण्याआधी येत्या पावसाळ्यात एखाद्या शनिवार-रविवारी गावी जावे, पोहोचताच मेन स्विच खाली ओढावा आणि रविवारी संध्याकाळपर्यंत तो वर करू नये. जे अडले ते वहीत वेळेसह लिहावे. आईंना रात्री न्हाणीघरात जाताना काय दिसले नाही, पाणी कोणी आणि किती वेळा शेंदले, मुलगी कशाला घाबरली, हेही त्यात असावे. ती वही मला पाठवली तर वरच्या आकड्यांत काय कमी-जास्त करायचे ते मी सांगेन.